गवत, मका आणि गोमांस

एखादी रीत सर्वत्र रूढ झाली, म्हणजे ती अनादि असावी असा समज होण्यास फार काळ लागत नाहीं. अमेरिकेंत गोमांसाविषयीं जो वाद चालला आहे, त्यांत याचा चांगला प्रत्यय येतो. जन्मभर गवतावर वाढलेल्या जनावराचें मांस चांगलें, कीं अखेरचे कांहीं महिने मका चारून पुष्ट केलेल्या जनावराचें, असा हा वाद आहे. यांपैकीं दुसऱ्या प्रकाराला तेथें ‘रूढ’ म्हणतात. पहिला प्रकार विशेष समजला जातो व त्याला किंमतही अधिक पडते. ज्या वाचकांना हें अन्नच वर्ज्य आहे, त्यांनाही या वादाचा इतिहास उद्बोधक वाटेल. कारण जमीन, धान्य आणि माणसाची भूक यांचें नातें त्यांत स्पष्ट दिसतें.

गाय हा रवंथ करणारा प्राणी आहे. माणसाला न पचणारें गवत तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यांतील सूक्ष्म जंतु आंबवितात, आणि त्यावर ती पोसते. माणसाच्या दृष्टीनें निरुपयोगी अशा वस्तूचें अन्न व्हावें, हा गुरें पाळण्याचा एक मूळ लाभ होय. ज्वारीचें कणीस माणसाला आणि कडबा बैलाला, ही आपल्याकडील वांटणी याच न्यायाची आहे. जनावराला दाणा चारून त्याचें मांस खावयाचें ठरलें, कीं ही वांटणी मोडते.

ती अमेरिकेंत प्रथम मोडली, ती निरुपायानें. ओहायोच्या खोऱ्यांत मका उदंड पिके; परंतु डोंगर ओलांडून पूर्व किनाऱ्यावरील शहरांपर्यंत तो गाड्यांतून नेणें परवडत नसे. तेव्हां शेतकऱ्यांनीं तो गुरांना चारला आणि गुरें पायीं हांकीत नेलीं. इ. स. १८०५ मध्यें जॉर्ज रेनिक यानें सायोटो नदीच्या खोऱ्यांतून असा एक कळप बाल्टिमोरपर्यंत नेला. धान्याला पाय फुटले, तेव्हां कोठें त्याला बाजार दिसला!

गवताचें राज्य यानंतर आलें. यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें, त्या वेळीं टेक्ससच्या रानांत लांब शिंगांचीं असंख्य गुरें मोकाट फिरत होतीं. त्याच वर्षाच्या नाताळांत शिकागोचा प्रचंड गुरांचा बाजार उघडला; आणि १८६७ मध्यें जोसेफ मॅकॉय यानें कॅन्ससमधील ॲबिलीन येथें रेल्वेलगत गुरांचे वाडे बांधले. टेक्ससहून शेंकडों मैल चरत आलेलीं गुरें तेथें आगगाडींत चढूं लागलीं. परंतु या राज्याचें फार गोडवे गाण्याचें कारण नाहीं. ज्या मैदानांवर तें पसरलें, तेथील बायसनांचे कळप कापून काढण्यांत आले आणि त्यांवर जगणाऱ्या मूळ रहिवाशांना हुसकून राखीव प्रदेशांत कोंडण्यांत आलें. १८७४ मध्यें जोसेफ ग्लिडन यास काटेरी तारेचें पेटंट मिळालें व मोकळें रान कुंपणांत जाऊं लागलें. कुरणांना पेलवेल त्याहून अधिक गुरें त्यांवर सोडण्यांत आलीं. १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यांत उत्तरेकडील मैदानांवर गुरांच्या मढ्यांचे खच पडले. गवतालाही मर्यादा असते, हा धडा त्या हिवाळ्यानें दिला.

पुढें १९२७ सालीं केंद्रीय शेतकी खात्यानें गोमांसाची प्रत ठरवून तसा शिक्का मारण्यास आरंभ केला. शिक्का घेणें ऐच्छिक होतें. पण ‘प्राइम’ आणि ‘चॉइस’ हे शब्द गिऱ्हाइकाच्या मनांत ठसले. जनावराच्या वयाबरोबरच मांसाच्या तंतूंत पसरलेल्या चरबीच्या पांढऱ्या रेषा ही त्या प्रतीची मोठी खूण होती. अशा रेषा मका खाल्लेल्या जनावरांत सहज उमटतात, गवतावरच्या जनावरांत विरळा. चरबीनें मांस मऊ व रसाळ होतें, हें कोणी नाकारणार नाहीं. तथापि जनावराचें आरोग्य किंवा कुरणाची स्थिति या गोष्टींना त्या मापांत स्थानच नव्हतें. एका विशिष्ट रुचीला सरकारी मान्यता मिळाली, आणि कालांतरानें तीच उत्तमपणाची व्याख्या होऊन बसली.

दुसऱ्या महायुद्धानंतर संकरित बियाणें आणि कृत्रिम नत्रखत यांनीं मक्याचा पूर आणला. १९३० पूर्वीं एकरीं सुमारें २५ बुशेल असलेलें पीक आज १७० च्या वर गेलें आहे. या दाण्यावर टेक्सस-कॅन्ससच्या उंच मैदानांत फीडलॉट उभे राहिले. एकेका कुंपणांत हजारों गुरें. वासरूं प्रथम कुरणांतच वाढतें. शेवटचे चार-सहा महिने मात्र तें येथें काढतें. पूर्वीं चार-पांच वर्षांचें झाल्यावर बाजारांत जाणारें जनावर आतां दीड वर्षाच्या सुमारास जातें. या घाईचें मोल जनावराचें पोट देतें. दाण्यानें पोटांत आम्ल वाढतें, यकृताला गळवें होतात. म्हणून औषधें आलीं. वाढीसाठीं दिलें जाणारें एक कृत्रिम संप्रेरक १९५४ मध्यें मान्य झालें, तें १९७९ मध्यें बंद करावें लागलें. मानवी उपचारांत महत्त्वाचीं असलेलीं प्रतिजैविकें केवळ वजन वाढविण्यासाठीं देण्यास २०१७ पासून मनाई झाली.

मग गवताचा पक्ष निर्विवाद मानावा काय? त्या मांसांत चरबी कमी व ओमेगा-३ स्निग्धाम्लें अधिक असतात हें खरें; परंतु तेलकट माशांच्या मानानें तीं अल्पच. जनावर अधिक काळ जगतें, म्हणून दर शेरामागें मिथेन वायुही सामान्यतः अधिक सोडतें. मॅथ्यू हायेक व रेचल गॅरेट यांनीं २०१८ मध्यें हिशेब मांडला, कीं सर्व अमेरिकन गोमांस गवतावर काढावयाचें तर गुरांची संख्या ३० टक्क्यांनीं वाढवावी लागेल. आणि असलेल्या कुरणांवर आजच्या पुरवठ्याचा केवळ २७ टक्के भाग निघेल. खुद्द ‘गवतावर पोसलेलें’ या शब्दांची सरकारनें २००७ मध्यें केलेली व्याख्याही २०१६ मध्यें मागें घेण्यांत आली.

या हिशेबांत वादाचें मर्म आहे. दोन मांसांची तुलना करणारे लोक बहुधा असें गृहीत धरतात, कीं ताटांतील वाटा तेवढाच राहील व केवळ चारा बदलेल. इतिहास तसें सांगत नाहीं. मक्यानें मांसाची चव बदलली त्याहून अधिक त्याचें प्रमाण बदललें. रोज खावें इतकें तें स्वस्त केलें. गवत जनावराच्या पोटाला मानवतें, आणि कुरण राखून चारलें तर जमिनीलाही. पण तें आपल्या गतीनें व आपल्या मापानें देतें. तें माप पतकरावयाची ज्याची तयारी असेल, त्यानेंच गवताची महती गावी.