दुसरा डंख



एरवी इथं पाणी, छाटणी आणि बाजारभाव एवढंच लिहितो. आजची नोंद जरा लांब आहे आणि बरीचशी इतिहासाची आहे. पण सुरुवात आपल्याच अंजिराच्या बागेतून करतो.

दोन वर्षांपूर्वी तोडणी चालू असताना वहिनींना हातावर गांधीलमाशी चावली. पिकल्या अंजिरावर गांधीलमाश्या येणारच, त्यात नवल नाही. पण पंधरा-वीस मिनिटांत वहिनींच्या गळ्यावर, पोटावर, पाठीवर गांधी उठल्या आणि अंगभर खाज सुटली. आम्हाला वाटलं, चीक लागला असेल. अंजिराच्या चिकानं खाज येते हे आमच्याकडं रोजचंच. आईनं चावल्या जागी चुना लावला, मी मेडिकलमधून पित्ताची गोळी आणली, संध्याकाळपर्यंत सगळं बसलं. वर मीच शहाणपणानं म्हणालो, "वहिनी, आता घाबरू नका. एकदा चावली की अंगाला सवय होते. पुढच्या वेळी काही होणार नाही."

गेल्या वर्षी पुढची वेळ आली. बांधावरच्या निरगुडीत पोळं होतं, ते कुणाला दिसलं नाही. एकच माशी मानेला चावली. दहा मिनिटांत वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, जीभ जड झाल्यासारखी वाटतीय." आवाज घोगरा झाला होता. उठायला गेल्या आणि डोळ्यांपुढं अंधारी येऊन तिथंच बसल्या. दादानं गाडी काढली. रस्त्यात त्यांचे ओठ सुजले आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. दवाखान्यात डॉक्टरांनी काही न विचारता आधी मांडीत एक इंजेक्शन दिलं, मग ऑक्सिजन, मग सलाईन. पाच-दहा मिनिटांत श्वास मोकळा झाला. नंतर त्यांनी विचारलं, "आधी कधी चावली होती का?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अंगभर गांधी उठल्या तेव्हाच दाखवायला हवं होतं. ती सूचना होती."

माझं ते 'सवय होते' डोक्यातून जाईना. म्हणून वाचायला बसलो. तेव्हा कळलं की हाच अंदाज सव्वाशे वर्षांपूर्वी एका मोठ्या फ्रेंच शास्त्रज्ञाचाही होता, आणि तोही असाच उलटा पडला होता.

कुत्र्यांची गोष्ट

१९०१ च्या उन्हाळ्यात मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर आपलं जहाज घेऊन अटलांटिकवर निघाला. त्याला समुद्राच्या अभ्यासाची आवड होती. जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन शरीरशास्त्रज्ञ होते. पाण्यावर तरंगणारा, जेलीफिशसारखा दिसणारा फायसेलिया नावाचा एक जीव असतो. त्याच्या लांब धाग्यांचा स्पर्श झाला की आग होते. त्या धाग्यांत कसलं विष आहे, हे शोधायचं काम या दोघांकडं होतं.

फ्रान्सला परतल्यावर फायसेलिया मिळेना, म्हणून त्यांनी समुद्रफुलांचं विष घेतलं आणि ते कुत्र्यांना टोचून प्रयोग केले. तो लसींचा काळ होता. पाश्चरचं काम जगभर गाजलेलं. थोडं विष दिलं की शरीर तयारी करतं आणि पुढच्या वेळी तग धरतं, हाच त्या वेळचा हिशोब. माझ्यासारखाच!

नेपच्यून नावाचा एक धडधाकट कुत्रा होता. पहिल्या डोसानं त्याला फारसं काही झालं नाही. सुमारे तीन आठवड्यांनी त्याला तेवढाच डोस पुन्हा दिला. काही सेकंदांत त्याला धाप लागली, पाय लटपटले, उलटी झाली आणि अर्ध्या तासाच्या आत तो मेला. विष तेच होतं, मात्राही तीच होती. बदललं होतं ते कुत्र्याचं शरीर.

फेब्रुवारी १९०२ मध्ये दोघांनी हे पॅरिसमध्ये मांडलं आणि त्याला नाव दिलं 'अ‍ॅनाफायलॅक्सिस', म्हणजे संरक्षणाच्या उलट. रिशेला यासाठी १९१३ चं नोबेल मिळालं. मधल्या काळात, १९०६ साली, व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानं 'ॲलर्जी' हा शब्द घडवला. शरीर बाहेरच्या वस्तूला वेगळ्या तऱ्हेनं प्रतिसाद द्यायला लागतं, असा त्याचा रोख. आपल्याकडं 'वावडं' हा शब्द आहेच. अमक्याला वांग्याचं वावडं, तमक्याला शेंगदाण्याचं. वहिनींना गांधीलमाशीचं वावडं निघालं.

असं का होतं, याचं कोडं सुटायला आणखी साठेक वर्षं लागली. १९६६ साली अमेरिकेत काम करणाऱ्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी नवरा-बायकोनं रक्तातला तो घटक शोधला. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तो शोधला. आज त्याला आयजीई म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर, पहिल्या डंखाच्या वेळी काही माणसांचं शरीर त्या विषाची नोंद करून ठेवतं. कातडीखाली, श्वासनलिकेत, आतड्यात काही पेशी दारूगोळा भरून बसलेल्या असतात आणि आयजीई त्यांच्यावर जाऊन चिकटतं. दुसऱ्या वेळी तेच विष आलं की सगळा दारूगोळा एकदम फुटतो. त्यातलं हिस्टामिन आणि इतर द्रव्यं रक्तवाहिन्या सैल करतात, रक्तदाब पडतो, घसा सुजतो, श्वासनलिका आवळते. म्हणून चावते मानेला, पण त्रास होतो सगळ्या अंगाला.

सगळ्यांना असं होत नाही. बहुतेकांना चावल्या जागी सूज, आग, खाज, इतकंच. दंडापर्यंत सूज आली तरी ती जागेवरचीच म्हणायची. आग्या मोहोळ उठून शंभर डंख बसले तर ते विषच एवढं होतं की वावडं नसलेला माणूसही दगावू शकतो. पण वावडं असलेल्याला एक डंख पुरतो.

ते इंजेक्शन

दवाखान्यात दिलेलं इंजेक्शन अ‍ॅड्रिनॅलिनचं होतं. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञानं अमेरिकेत जनावरांच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून ते शुद्ध स्वरूपात काढलं आणि १९०१ मध्ये जगापुढं मांडलं. म्हणजे रिशे ज्या वर्षी जहाजावर होता, त्याच वर्षी. रोग ओळखायच्या आधीच त्यावरचं औषध बाटलीत तयार होतं!

अ‍ॅड्रिनॅलिन सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, घशाची सूज उतरवतं, श्वासनलिका उघडतं. पित्ताची गोळी खाज कमी करते, पण पडलेला रक्तदाब उचलत नाही आणि आवळलेला श्वास सोडवत नाही. हा फरक मला माहीत नव्हता. पहिल्या वर्षी गोळीनं बरं वाटलं, म्हणून गोळी पुरते असं मी धरून चाललो होतो.

इथं विंचवाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण शेतात दोन्ही चावतात आणि आपण दोन्हीला एकाच मापानं मोजतो. विंचू चावला की वावड्याचा प्रश्न क्वचितच येतो. लाल विंचवाच्या विषानं शरीर स्वतःच अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सोडतं आणि हृदय थकतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातले असे रुग्ण रात्र-रात्र बसून पाहिले, त्यांची निरीक्षणं १९८० च्या दशकात 'लॅन्सेट'मध्ये आली आणि प्राझोसिन या गोळीनं कित्येक जीव वाचले. ती गोळी त्या लोंढ्याचा जोर मोडते. म्हणजे गांधीलमाशीत जे द्यायचं, जवळजवळ त्याच्या उलट विंचवात करायचं. म्हणून दवाखान्यात गेल्यावर काय चावलं हे नक्की सांगा. 'काहीतरी चावलं' एवढ्यावर सोडू नका.

पन्नास वर्षं चुकीची लस

'सवय होते' हे आपल्या लोकांनी हवेतून काढलेलं नाही. रोज डंख खाणाऱ्या मधपाळांपैकी बऱ्याच जणांना खरंच सवय होते. मग वावडं असलेल्याला ती मोजूनमापून लावता येईल का?

१९३० च्या सुमारास अमेरिकेत डॉक्टरांनी तसं सुरू केलं. अख्ख्या माश्या वाटून त्यांचा अर्क काढायचा आणि थोडा थोडा टोचत जायचा. ऐकायला बरोबर वाटतं. पण माशीच्या अख्ख्या शरीरात विषाची पिशवी ती केवढी! अर्कात विष नावालाच असायचं. न्यूयॉर्कच्या मेरी लव्हलेस या डॉक्टर बाईंना हे पटत नव्हतं. त्यांनी माश्यांच्या पोटातून विषाच्या पिशव्या एकेक करून काढल्या, निव्वळ विष वापरून रुग्णांवर उपचार केले आणि १९५० च्या दशकात ते प्रसिद्धही केलं. फार कुणी मनावर घेतलं नाही. अख्ख्या माशीचा अर्क चालूच राहिला.

शेवटी १९७८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी सरळ तुलना केली. काही रुग्णांना निव्वळ विष, काहींना अख्ख्या माशीचा अर्क, काहींना नुसतं बिनऔषधाचं इंजेक्शन. मग दवाखान्यातच, सगळी तयारी ठेवून, त्यांना माशी चावू दिली. बिनऔषधाच्या १२ जणांपैकी ७ जणांना अंगभर त्रास झाला. माशीच्या अर्काच्या ११ जणांपैकी ७ जणांना. निव्वळ विषाच्या १८ जणांपैकी फक्त एकाला. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं लोकांना जी लस दिली, ती पाण्याइतकीच होती. लव्हलेसबाई बरोबर होत्या.

हे वाचताना मला आपली कितीतरी औषधं आठवली. 'पूर्वीपासून मारतोय, गुण येतो' म्हणून मारत राहतो. शेजारच्या दोन ओळी न मारता सोडून कधी बघत नाही.

डंख काढायचंही तसंच. मधमाशी डंख सोडून जाते, गांधीलमाशी सोडत नाही. मधमाशीचा डंख चिमटीत धरू नका, नखानं खरवडा, नाहीतर विष आत जातं, असं आपण लहानपणापासून ऐकलं. १९९६ मध्ये काही संशोधकांनी हे तपासलं. कसा काढला यानं फरक पडला नाही, किती लवकर काढला यानं पडला. म्हणून चाकू-पट्टी शोधत बसू नका, हातानं उपसा.

आता आमच्याकडं काय करतो

तोडणीआधी सकाळी बांध आणि झाडांच्या आतल्या फांद्या बघून घेतो. पोळं दिसलं तर तिथं खूण बांधतो आणि ते संध्याकाळी जाणकार माणसाकडून काढून घेतो. पडकी, फुटलेली अंजिरं बागेत ठेवत नाही. पूर्ण बाह्या, हातमोजे आणि डोक्याला रुमाल सगळ्यांना.

कुणाला चावली आणि चावल्या जागेपासून लांब गांधी उठल्या, आवाज बदलला, धाप लागली, उलटी झाली किंवा चक्कर आली, तर घरगुती काही करत बसायचं नाही. गाडी काढायची. माणसाला चालवायचं नाही, आडवं ठेवून पाय उंच करायचे. धाप असेल तर टेकून बसू द्यायचं, पण उभं करायचं नाही. आपल्या जवळच्या कुठल्या दवाखान्यात अ‍ॅड्रिनॅलिन आहे आणि रात्री कोण असतं, हे आम्ही आधीच विचारून ठेवलंय. बरं वाटलं तरी लगेच घरी आणायचं नाही, काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

वहिनींना ॲलर्जीच्या तज्ज्ञांना दाखवलं. विषाच्या त्या उपचाराबद्दल त्यांच्याशी बोलणं चालू आहे. तोवर तोडणीला जाऊ नका असं सगळ्यांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "पॅकिंगला बसते, पण बाग सोडणार नाही." तेवढ्यावर आमची तडजोड झालीय. मी मात्र त्यांना 'काही होणार नाही' असं आता म्हणत नाही.

मंडळी, एक काम करा. तुमच्याकडं तोडणीला, खुरपणीला येणाऱ्या प्रत्येकाला एकदा विचारा: आधी कधी माशी चावून अंगभर गांधी उठल्या होत्या का, दम लागला होता का? आमच्याकडं विचारलं तर अकरा जणांत एक बाई निघाली. तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.