साखरपुडा ते लग्न : दोन जोडप्यांची पत्रं

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमधल्या वरच्या थरातल्या घरांत मुलीनं परक्या पुरुषाला पत्र लिहिणं म्हणजे घराण्याच्या अब्रूचा प्रश्न. लग्न ठरलं की मात्र ही बंदी उठायची. भेटी तेव्हाही कुणीतरी वडीलधारं बसलेलं असतानाच व्हायच्या, पण पत्र लिहायला कुणाची ना नसे. उद्या ठरलेलं लग्न मोडलंच, तर एकमेकांची पत्रं परत करायची, असा रिवाज होता. मोडलेल्या वचनाबद्दल कोर्टात दावा लावता येत असे आणि तिथे पत्र हा पुरावा ठरे. बड्या घरांना कोर्टाची पायरी नको असायची, म्हणून पत्रं परत घेण्याची घाई!

अशी पत्रं म्हणजे चंद्र, फुलं, विरह आणि उसासे असणार, असं आपल्याला वाटतं. ते असतंच. पण त्या काळातल्या दोन जोडप्यांची पत्रं वाचली की कळतं, त्यांत याहून महत्त्वाचं काहीतरी चाललं आहे. लग्नानंतर विचारता येणार नाहीत असे प्रश्न तिथे विचारले जात आहेत.

हे समजायला तेव्हाचा कायदा बघावा लागेल. लग्न झालं की बाईला कायद्याच्या नजरेत वेगळं अस्तित्व उरत नसे. तिचा पैसा, तिचे दागिने, तिची कमाई सगळं नवऱ्याचं. हे बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. म्हणून श्रीमंत बाप लग्नाआधीच वकिलाकडून करारनामा करून मुलीच्या नावे रक्कम बांधून ठेवत. आपल्याकडे लग्नाच्या याद्या होत, तसंच काहीसं. वडील मंडळी पैशाचं बघून घेत. मनाचं काय? ते त्या दोघांनी पत्रांतूनच बघायचं. साखरपुडा ते लग्न या दोन-तीन महिन्यांत मुलीचं ऐकून घेणारा माणूस अजून 'होणारा' नवरा असे. अटी घालायला तेवढीच सवड.

पहिलं जोडपं चार्ल्स डार्विन आणि एमा वेजवुड. एमाचे वडील चिनी मातीच्या भांड्यांच्या प्रसिद्ध कारखानदार घराण्यातले, स्टॅफर्डशायरमध्ये मेअर हॉल नावाचा त्यांचा वाडा होता. ते चार्ल्सचे सख्खे मामा. म्हणजे एमा मामेबहीण. आपल्याकडे अनेक घरांत मामाची मुलगी हक्काची मानतात, त्यामुळे मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही.

शाळेच्या पुस्तकातला पांढऱ्या दाढीचा डार्विन जरा बाजूला ठेवा. हा २९ वर्षांचा तरुण होता, पाच वर्षांचा 'बीगल'चा जलप्रवास संपवून लंडनमध्ये राहणारा. १८३८ च्या जुलैत त्यानं एका कागदावर चक्क दोन रकाने पाडले : लग्न करावं, लग्न करू नये. विरुद्ध बाजूला पुस्तकांना पैसे उरणार नाहीत, नातेवाइकांकडे जावं लागेल, संध्याकाळी वाचन होणार नाही. बाजूनं लिहिलं होतं की म्हातारपणी सोबत होईल आणि कुत्रा पाळण्यापेक्षा तर हे बरंच! हिशेब अखेर लग्नाच्या बाजूनं लागला.

सप्टेंबरअखेरीस त्यानं माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचला आणि नैसर्गिक निवडीची कल्पना त्याच्या मनात धरली. त्यानंतर सहा आठवड्यांनी, ११ नोव्हेंबर १८३८ या दिवशी, मेअरला त्यानं एमाला मागणी घातली. ती हो म्हणाली.

आता खरी गोष्ट सुरू होते. चार्ल्सच्या वडिलांनी, डॉ. रॉबर्ट डार्विन यांनी, त्याला बजावलं होतं की धर्माबद्दलच्या शंका बायकोपासून लपवून ठेव. अनुभवी डॉक्टरांचा व्यवहारी सल्ला. पण चार्ल्सनं तो मानला नाही. त्यानं आपल्या शंका एमाला सांगून टाकल्या.

एमा श्रद्धाळू होती. तिची लाडकी बहीण फॅनी १८३२ मध्ये गेली होती आणि आपण तिला परलोकात पुन्हा भेटू हा एमाचा आधार होता. ज्याच्याशी आयुष्यभराची गाठ बांधायची, त्यालाच तो आधार वाटत नसेल तर? मागणीला दोन आठवडे व्हायच्या आतच तिनं त्याला पत्र लिहिलं. त्यात रागवारागवी नाही. तू मोकळेपणानं सांगितलंस याबद्दल मी आभारी आहे, असं ती म्हणते. सर्वांत महत्त्वाच्या विषयावर आपली मतं जुळणार नाहीत याची भीतीही कबूल करते. प्रामाणिक शंका हे पाप असू शकत नाही, असंही तिची बुद्धी तिला सांगते. शेवटी ती एक मागणं करते : योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायाच्या अखेरीस सुरू होणारा येशूचा शिष्यांना केलेला निरोपाचा उपदेश माझ्यासाठी वाच.

एवढंच. दागिना नाही, घर नाही, वाचण्याची विनंती! त्यानं ती मानली आणि एमानं पुढच्या पत्रात समाधान कळवलं. बाकी पत्रांत लंडनमधलं घर शोधणं, घरभाडी, गॉवर स्ट्रीटवर मिळालेल्या घराचे भडक रंग (त्या रंगांवरून त्याचं नाव पडलं 'मकाव कॉटेज', मकाव म्हणजे मोठा रंगीबेरंगी पोपट) असा संसारी मजकूर आहे. एकट्यानं सिद्धान्त रचण्यापेक्षा मोठं सुख असतं हे तू मला शिकवशील, असंही तो लग्नाच्या नऊ दिवस आधी लिहितो. वडील मंडळींनी आपलं काम केलंच होतं. एमाच्या वडिलांनी ५,००० पौंड आणि वर्षाला ४०० पौंड, चार्ल्सच्या वडिलांनी १०,००० पौंड ठरवले. २९ जानेवारी १८३९ ला मेअरच्या चर्चमध्ये लग्न लागलं.

दुसरं जोडपं खुद्द राणीचं. व्हिक्टोरियानं अल्बर्टला १५ ऑक्टोबर १८३९ रोजी विंडसरच्या राजवाड्यात मागणी घातली. हो, तिनंच. राणीला मागणी घालणार कोण? दोघंही २० वर्षांची. हेही नातं मामाकडचंच, पण आपल्या रिवाजाच्या उलट : अल्बर्ट तिचा मामेभाऊ, म्हणजे त्यानं आत्याची मुलगी केली.

इथे मात्र सगळा कायदाच उलटा झाला. लग्नानं व्हिक्टोरियाचं काहीच जाणार नव्हतं. देश, भाषा, माणसं सोडायची होती ती अल्बर्टला. जर्मनीतल्या कोबुर्गचा हा राजपुत्र बकिंगहॅम राजवाड्यात घरजावई म्हणून येणार होता! १४ नोव्हेंबरला तो मायदेशी परतला आणि पत्रं सुरू झाली. ती प्रेमानं ओथंबलेली आहेत. पण अल्बर्टच्या पत्रांतला सूर ओळखीचा वाटतो. तो सासरी निघालेल्या मुलीचा आहे.

त्याचं मागणं साधं होतं. माझ्या पदरी असणारी माणसं मला निवडू द्या. ती एकाच राजकीय पक्षाची नकोत, दोन्ही पक्षांतली, चारित्र्यवान अशी असावीत. व्हिक्टोरियानं नकार दिला. पंतप्रधान मेलबर्न यांचे चिटणीस जॉर्ज ॲन्सन यांनाच त्याचे चिटणीस नेमायचं तिनं ठरवलं. म्हणजे अल्बर्टवर पहिल्या दिवसापासून सत्ताधारी व्हिग पक्षाचा शिक्का. त्यानं विनवून पाहिलं. ती ढळली नाही. इकडे पार्लमेंटनंही १८४० च्या जानेवारीत त्याचा वार्षिक तनखा प्रस्तावित ५०,००० पौंडांवरून ३०,००० वर आणला. परक्या घरात पाऊल ठेवण्याआधीच त्याला आपली पायरी दाखवली गेली.

शेवटी त्यानं विचारलं, लग्नानंतर निदान आठवडाभर तरी विंडसरला दोघंच राहू या का? ३१ जानेवारी १८४० च्या पत्रात तिनं उत्तर दिलं. मी राज्यकर्ती आहे हे तू विसरतोस, पार्लमेंट चालू आहे, दोन-तीन दिवससुद्धा खूप झाले. दहा दिवसांनी, १० फेब्रुवारीला, लग्न झालं.

'बघा, सत्ता हातात आली की बाईही पुरुषासारखीच वागते,' असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. मला ही पत्रं शेजारी ठेवल्यावर दिसतं ते असं, की ज्याला आपलं घर सोडून जायचं असतं, त्यालाच पत्रात विचारायची गरज पडते. मग तो राजपुत्र का असेना! राहणारा ठरवतो, जाणारा विचारतो. आपल्याकडे जाणारी बहुधा मुलगीच, आणि तिच्या हातात कित्येक पिढ्या कागदही नव्हता.

पुढे काय झालं? अल्बर्टला मे महिन्यात आपल्या मित्राला लिहावं लागलं की मी नवरा आहे, पण घरचा धनी नाही. नोव्हेंबरात पहिली मुलगी झाली, बाळंतपणांमागून बाळंतपणं आली आणि राणीच्या कागदपत्रांचं काम हळूहळू त्याच्याकडे गेलं. नको असलेले ते ॲन्सन त्याचे विश्वासू मित्र झाले. पत्रात मिळालेला नकार संसारात विरघळला.

एमाचा प्रश्न मात्र कधीच सुटला नाही. लग्न झाल्यावर लगेचच तिनं चार्ल्सला आणखी एक पत्र लिहिलं. सिद्ध होईपर्यंत काही मानायचं नाही ही तुझी शास्त्रज्ञाची सवय, जे सिद्ध करता येत नाही अशा गोष्टींनाही तू लावत असशील का, असं तिनं विचारलं. आपण कायमचे एकमेकांचे नाही असं वाटलं तर मी फार दुःखी होईन, असंही लिहिलं. १८५१ मध्ये त्यांची दहा वर्षांची ॲनी गेली. १८५९ मध्ये त्याचा ग्रंथ आला. तो बदलला नाही, तीही बदलली नाही. तो १८८२ मध्ये गेल्यावर त्याचं आत्मचरित्र छापताना धर्माबद्दलचा काही कठोर मजकूर तिच्या भावनेसाठी गाळला गेला. नात नोरा बार्लो हिनं तो १९५८ मध्ये पुन्हा छापला.

मग त्या पत्रांचा उपयोग काय झाला? मला वाटतं, झाला. ज्या गोष्टीवर दोघांचं एकमत होणार नव्हतं, ती दोघांनाही पहिल्यापासून माहीत होती. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात ती लपवावी लागली नाही.

वाचकहो, तुमच्या घरात सध्या कुणाचं लग्न ठरलेलं असेल, तर हॉल, केटरर, साड्या यांच्या याद्या चालू असतीलच. त्या दोघांना हळूच विचारून बघा, तुमचा एकमेकांना विचारायचा राहिलेला एखादा प्रश्न आहे का?

एमाचं ते लग्नानंतरचं पत्र चार्ल्सनं जन्मभर जपून ठेवलं. त्याच्या खाली त्यानं स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. मी गेल्यावर तुला कळावं, की मी या कागदाचे कितीतरी वेळा मुके घेतले आहेत आणि त्यावर रडलो आहे.