लिबरेटर (बी-२४)

दुसऱ्या महायुद्धातील चार इंजिनांचे अमेरिकी जड बॉम्बफेकी विमान आणि स्वतंत्र भारताच्या हवाई दलातील पहिले जड बॉम्बर. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथील कन्सॉलिडेटेड कंपनीने त्याचा आराखडा केला व २९ डिसेंबर १९३९ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. फोर्ड मोटर कंपनीसह इतर कारखान्यांनीही त्याच्या उत्पादनात भाग घेतल्यामुळे युद्धसमाप्तीपर्यंत अठरा हजारांहून अधिक लिबरेटर तयार झाली; इतक्या मोठ्या संख्येने दुसरे कोणतेही जड बॉम्बर बांधले गेलेले नाही.

या विमानाचे बळ त्याच्या पंखांत होते. सुमारे ३३.५ मीटर पसाऱ्याचे ते लांब, अरुंद ‘डेव्हिस’ पंख हवेचा अवरोध कमी करीत, त्यामुळे पल्ला वाढे. मात्र तोफांचा मारा सोसण्यात ते तितके कणखर नव्हते. बॉम्बकोठीची दारे बाहेर न उघडता दुकानाच्या शटरसारखी विमानाच्या अंगावर गुंडाळली जात, आणि पुढून मागे जाणाऱ्या वैमानिकी चमूला कोठीच्या मधोमध असलेल्या जेमतेम नऊ इंच रुंद फळीवरून चालावे लागे. लांब पल्ल्यामुळेच अटलांटिकच्या मध्यभागी जर्मन पाणबुड्यांना मिळणारे मोकळे रान लिबरेटरांनी संपवले, तर पूर्वेकडे बंगालमधील धावपट्ट्यांवरून रंगून आणि सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर हल्ले करता आले.

लेंड-लीज, म्हणजे मित्रराष्ट्रांना युद्धसाहित्य वापरायला देण्याची अमेरिकी योजना, संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाला ही विमाने ठेवून घेता येत नव्हती. त्यामुळे कानपूरच्या तळावर जमा केलेली लिबरेटर पुन्हा उडू नयेत अशा बेताने मुद्दाम मोडून टाकण्यात आली आणि भंगार म्हणून तेथेच सोडली गेली. फाळणीनंतर बॉम्बफेकी दल उभारायचे, पण नवी विमाने घ्यायला पैसा नाही, अशा अडचणीत हिंदुस्तान एअरक्राफ्ट या कारखान्याने हे भंगार दुरुस्त करण्याचे काम अंगावर घेतले. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला काढलेला हा कारखाना युद्धकाळात सरकारच्या ताब्यात गेला होता, आणि अमेरिकी विमानांच्या देखभालीमुळे तेथील कारागिरांचा हात या कामात चांगलाच बसला होता. एका विमानाचे सुटे भाग दुसऱ्याला जोडत कानपूरला ती कशीबशी उडण्याजोगी करायची, तेथून बंगळूरला न्यायची आणि मग पूर्ण दुरुस्ती करायची, अशी पद्धत ठरली. कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुनशी यांनी ही अर्धवट दुरुस्त विमाने बंगळूरला उडवत नेली. भारतीय विमानविद्येच्या इतिहासात या धाडसाची नोंद व्हावी तितकी झालेली नाही. अशा रीतीने सुमारे चाळीस विमाने पुन्हा सेवेत आली.

हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने भारतात आले, तेव्हा हवाई दलाकडे जड बॉम्बरांचे एकही पथक नव्हते. त्यानंतर काही आठवड्यांतच, २ नोव्हेंबर १९४८ रोजी, कानपूर येथे लिबरेटरांसह ५ क्रमांकाचे स्क्वाड्रन, म्हणजे हवाई दलाचे लढाऊ पथक, उभे राहिले. १९५१ मध्ये पुनर्रचित झालेल्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे सागरी टेहळणीचे, म्हणजे समुद्रावरील जहाजे व पाणबुड्या यांच्यावर नजर ठेवण्याचे काम आले आणि पुण्याचा लोहगाव तळ लिबरेटरांशी दीर्घकाळ जोडला गेला. १९५७ पासून ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला कॅनबेरा ही जेट बॉम्बर मिळाली, तरी सागरी टेहळणीसाठी लिबरेटर वापरात राहिली.

३१ डिसेंबर १९६८ रोजी ती निवृत्त झाली, तोवर जगातील इतर हवाई दलांनी हे विमान केव्हाच मोडीत काढले होते. त्यामुळे परदेशी संग्रहालयांनी भारताकडे धाव घेतली. ब्रिटनचे रॉयल एअर फोर्स संग्रहालय, ओटावा येथील कॅनडाचे विमान संग्रहालय आणि अमेरिकेतील ॲरिझोनाचे पिमा संग्रहालय येथील लिबरेटर मूळ भारतीय हवाई दलातील आहेत. एक दिल्लीच्या पालम येथील हवाई दल संग्रहालयात जतन केलेले आहे.