बोलावल्यावाचून आलेल्या मुली

गर्ल गाईड म्हटले की निळा पोशाख, शिट्टी आणि १५ ऑगस्टचे संचलन एवढेच सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. आपल्याकडे या मुलींना ‘वीरबाला’ असे भारदस्त नावही मिळाले. पण श्रोतेहो, या चळवळीचा उगम शिस्तीत नाही, बेशिस्तीत आहे. आणि युनियनच्या कामात केस पिकलेल्या आम्हांस तेच अधिक भावते.

४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बालवीरांचा मोठा मेळावा भरला होता. बोअर युद्धातले सेनानी बेडन-पॉवेल तेथे आले असता, स्वतःच गणवेश जुळवलेल्या काही मुली पुढे झाल्या. आम्हीही स्काउटच, असे त्यांचे म्हणणे. निमंत्रण कोणी दिलेच नव्हते! तेव्हा १९१० साली मुलींची वेगळी संघटना निघाली व ती सेनानींच्या भगिनी ॲग्नेस यांच्या हाती आली. मागणी मान्य करण्याची ही तऱ्हा आमच्या चांगल्या ओळखीची आहे : द्यायचे, पण वेगळ्या दाराने. शिवाय १९१२ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच साम्राज्याच्या उभारणीस मुलींनी हातभार लावावा असा हेतू सांगितला होता.

हिंदुस्थानातले पहिले पथक १९११ मध्ये जबलपुरास निघाले, तेही गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलींपुरते. आपल्या मुलींना दार उघडले पहिल्या महायुद्धाच्या काळात. आत गेल्यावर निष्ठेचे वचन द्यायचे ते देवाला आणि इंग्लंडच्या राजाला. बाप सत्याग्रहात तुरुंगात गेलेला, त्या घरच्या मुलीने ते कोणत्या तोंडाने द्यावे?

तरीही एक श्रेय दिलेच पाहिजे. सहा-आठ मुलींची एक तुकडी, तिची नायिका त्यांच्यातलीच, आणि पथकाचे प्रश्न या नायिकांच्या बैठकीत सुटायचे. तेरा-चौदा वर्षांची पोर चारचौघींत उभी राहून मत मांडू लागली. आमच्या युनियनांत बायका वर्गणी भरीत, मोर्च्यात पुढे असत, पण अध्यक्षाच्या खुर्चीत पुरुषच! खोट होती ती दुसरीकडे. पथके बहुतेक शाळांतून भरत. धाकटी भावंडे सांभाळण्यास घरी ठेवलेल्या कामगाराच्या मुलीपर्यंत शिट्टी पोचणार कशी?

स्वातंत्र्यानंतर, १५ ऑगस्ट १९५१ रोजी, गर्ल गाईड्स भारत स्काउट्स अँड गाईड्समध्ये सामील झाल्या. वचनातला राजा गेला, देश आला. पुढे १९६६ साली पुण्यात आळंदी रस्त्यावर ‘संगम’ हे गाईड्सचे चौथे जागतिक केंद्र उघडले. देशोदेशींच्या मुली तेथे येऊन राहतात आणि शहरातील सामाजिक संस्थांत कामाला जातात.