सुरतेच्या वाटेवरची घोडेस्वारी

मराठी घोडेस्वाराचे नाव मोहिमांनी झाले, पण तो घडला पागेत. सुरतेवरच्या दोन स्वाऱ्या पाहिल्या की हे कळते. राजगडापासून सुरत सरळ रेषेत मोजली तरी तीनशे किलोमीटरहून दूर आहे. ५ जानेवारी १६६४ च्या सकाळी मराठी फौज गणदेवीला आल्याची बातमी शहरात पसरली. गणदेवी सुरतेच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. दुसऱ्या दिवशी दुपार होण्याआधीच शिवाजी महाराजांचा तळ बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत पडला. बरोबर सुमारे चार हजार स्वार होते. मोगल फौज येत असल्याची खबर लागताच १० जानेवारीला ते निघूनही गेले.

अशा चालीत घोड्याची पाठ सोलवटली, खूर फुटला किंवा दम तुटला, तर स्वार वाटेतच पायउतार होतो. बसणाऱ्याची मांड ढिली असेल, तर त्याचे वजन खोगिरावर आपटत राहते आणि संध्याकाळपर्यंत पाठीला जखम होते. १६७० च्या स्वारीत परतीची वाट आणखी अवघड होती. ३ ऑक्टोबरला शहरात शिरलेली फौज लूट लादलेल्या जनावरांसह बागलाणातून परतत असताना १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीजवळ मोगल सरदार दाऊदखानाशी लढाई जुंपली. लादलेली जनावरे पुढे काढून द्यायची आणि मागे फिरून शत्रूला थोपवायचे, हे नवशिक्या स्वाराचे काम नव्हे.

ही तयारी कशी होई, याचा माग सभासद बखरीत सापडतो. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर हजारी अशी रचना होती. त्याहून बोलका तपशील पुढचा आहे: प्रत्येक पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे तलवारीच्या आधी पाणी आणि नाल यांची सोय पाहिली जाई. पावसाळ्यात फौज छावणीत परते. तिथे दाणा, औषधे आणि गवताने शाकारलेल्या पागा आधीच तयार असत. दसरा झाला की फौज बाहेर पडे.

चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेले पत्र याच शिस्तीचे आहे. दाणा-वैरण आताच उधळली तर ऐन पावसात घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्यात दम दिला आहे. रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इथवर बारकावा जातो. लढाईच्या डावपेचांचा त्यात मागमूस नाही.

घोडा शिकवणारा वेगळा आणि त्यावर लढणारा वेगळा, हा भेदही जुना आहे. सुरत ज्या मोगल साम्राज्याचे मुख्य बंदर होते, त्याच्या तबेल्यांची व्यवस्था अबुल फजलने आईन-इ-अकबरीत नोंदली आहे. तिथे साईस, नालबंद आणि बैतार म्हणजे घोड्यांचा वैद्य यांच्या जोडीला घोड्याची चाल पारखणारा चाबुकस्वार दिसतो. घोड्याला पहिल्या चाली शिकवण्यापुरते हाडा नावाचे राजपूतही नेमलेले असत. पहिल्या चालींसाठी स्वतंत्र माणसे नेमणे हा खर्च तेव्हाही वायफळ मानला गेला नाही. त्याआधी सुमारे साडेचारशे वर्षे, ११३० च्या सुमारास, कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने मानसोल्लासात घोड्यावरून चेंडू खेळण्याचे प्रकरण लिहिले. स्पर्धा घोडेस्वारीला नवी नव्हतीच.

मराठी स्वाराची रीत मात्र आजच्या, दांड्यांवरून उड्या घेण्याच्या अडथळा-शर्यतीच्या रीतीहून निराळी होती. घोडा छोट्या रिंगणात गर्रकन वळवायचा, एकदम थांबवायचा, भाला फिरवत बाजूला काढायचा, यात त्याचे कौशल्य होते. त्यासाठी देशी लगाम बहुधा टोचणारा असे. उडीसाठी हीच सवय घातक ठरते, कारण अडथळ्यावर घोड्याला मान लांब करून पाठ गोलवावी लागते आणि तेव्हा तोंडावर ओढ बसली की तो दुसऱ्यांदा उडी मारायलाच नकार देतो. मूलभूत धडे कामाप्रमाणे बदलतात, पण आधी मांड, मग हात हा क्रम कुठेच चुकत नाही.

उडीत घोड्याच्या तोंडावर ओढ नको, हे युरोपातही उशिरा उमगले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिथले स्वार उडीत मागे रेलत आणि लगाम खेचून धरत. इटलीच्या फेदेरिको काप्रिल्लीने (१८६८–१९०७) रिकीब आखूड करून पुढे झुकण्याची बैठक रूढ केली आणि घोड्याचे तोंड मोकळे सोडले. हिंदुस्थानात शिलेदारी पद्धत इंग्रजी फौजेतही पहिल्या महायुद्धापर्यंत टिकून होती. १८१७ साली उभी राहिलेली पूना हॉर्स ही पलटण त्याच परंपरेतली. १९१० मध्ये सागरला घोडदळाची शाळा निघाली.

नवशिक्याचा मैदानातला धडा आजही जवळपास जुनाच आहे. शिकाऊ स्वाराला लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोड्यावर रिकिबीशिवाय बसवतात. हात लगामावर लटकवण्याची सोयच नसते, म्हणून तोल मांडीत आणि कमरेत उतरतो. मग कदम, दुडकी आणि कँटर. त्यानंतर जमिनीवर ठेवलेल्या दांड्या. दुडकीसाठी त्या सुमारे सव्वा मीटर अंतराने मांडतात आणि घोडा टाप मोजून टाकायला शिकतो. उंची वाढवायची वेळ शेवटी येते. याला कारण आहे. कँटरची एक झेप साधारण साडेतीन मीटरची, आणि दोन अडथळ्यांमधले अंतर अशा झेपांच्या हिशेबात आखलेले असते. झेप लांबवणे-आखडणे हे सपाट मैदानावरचे काम आहे. ते जमत नसेल तर घोडा अडथळ्याच्या फार जवळ किंवा फार लांबून उडतो आणि दांडी पडते. एका दांडीला चार दंडगुण. नवखा स्वार दांडी पाडल्याचा दोष घोड्याला देतो, पण तो बहुतेक वेळा पाच-सहा झेपा आधीच्या वळणात झालेला असतो.

सपाट मैदानावरच्या कसबाची किंमत अलीकडे पुन्हा दिसली. २०२३ मध्ये हांगझाऊच्या आशियाई खेळांत भारताला घोडेस्वारीतले सुवर्ण मिळाले ते ड्रेसाजच्या सांघिक प्रकारात, आणि त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. या प्रकारात उडी नसतेच.

सुरतेजवळ समुद्राला मिळणाऱ्या तापीच्या काठी, नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे रवाळ चालीच्या घोड्याला चांगला भाव येतो. स्वाराला हिसका न देणारी ही चाल लांबच्या प्रवासाला सुखाची. पण अशा घोड्याला अडथळ्यांकडे वळवायचे तर आधी त्याची कँटर बसवावी लागते, कारण रवाळात पाय एकामागून एक झपाझप पडतात, उडीला लागणारी उसळी त्यात नसते. घोडा चांगल्या भावाचा म्हणून लगेच उडीच्या मैदानात उतरवणारा मालक घोडा आणि स्वार या दोघांनाही मागे नेतो.