पंधरा ते पन्नास

दिल्लीत मोटारीच्या आयुष्यात दोन वाढदिवस महत्त्वाचे: पंधरावा आणि पन्नासावा. पंधराव्याला पेट्रोलची गाडी रस्त्यावरून उतरते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 26 नोव्हेंबर 2014 रोजी तसा आदेश दिला. 7 एप्रिल 2015 च्या आदेशाने डिझेलच्या गाड्यांना त्याहून कमी, दहाच वर्षं मिळाली, आणि 29 ऑक्टोबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं कायम केलं. पन्नासाव्या वर्षाची गोष्ट निराळी. जुलै 2021 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' गाड्यांसाठी नवी तरतूद केली. पन्नास वर्षं पुरी झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी असेल, तर 20,000 रुपये भरून तिला 'व्हीए' अक्षरांचा खास क्रमांक मिळू शकतो. म्हणजे पंधराव्या वर्षी जी भंगार असते, ती पन्नासाव्या वर्षी वारसा होते. मधली पस्तीस वर्षं तिने कुठे काढायची, याबद्दल नियम गप्प आहेत.

ती बहुधा कुणाच्या तरी घराच्या गॅरेजमध्ये निघतात. या लेखाचा विषय त्या गॅरेजांचा इतिहास आहे, आणि त्यातही एका विशिष्ट जातीच्या गाडीचा. इंग्रजी मोटार-पत्रकारांनी तिला 'हॉट हॅच' असं नाव दिलं. मराठीत कुणी भाषांतर केलेलं नाही आणि करूही नये. दिसायला घरगुती, डिकी आणि मागची काच मिळून एकच दार, चार माणसं आणि भाजीच्या पिशव्या मावतील एवढी जागा, आणि बॉनेटखाली मात्र गरजेपेक्षा मोठं इंजिन. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय 1975 च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली, तेव्हापासून ही जात ओळखली जाते. कंपनीतल्या मोजक्या लोकांनी आधी ती वरिष्ठांच्या नकळत चालवलेला उद्योग म्हणून हाती घेतली होती आणि 5,000 गाड्या खपल्या तरी पुष्कळ, असा हिशेब होता. पहिल्या पिढीच्या साडेचार लाखांवर खपल्या.

भारतात त्या काळी मोटार मिळणं हीच चैन होती, वेगाची कोण बोलतो. तरीही दिल्लीच्या मोटार-इतिहासाची सुरुवात एका वर्कशॉपमध्येच व्हावी, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. इंग्लंडात क्रूच्या रोल्स-रॉइस कारखान्यातली उमेदवारी अर्धवट सोडून आलेल्या संजय गांधींनी साठीच्या दशकाच्या अखेरीस गुलाबी बागेत आपली 'जनतेची मोटार' जुळवायला घेतली. ती गाडी काही झाली नाही. कंपनी बुडाली, सरकारने ताब्यात घेतली, 1982 मध्ये सुझुकीशी करार झाला आणि 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती 800 च्या किल्ल्या दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिल्या. डीआयए 6479 हा त्या गाडीचा क्रमांक. सिंग 2010 मध्ये वारले, तोवर ती त्यांच्याकडेच होती. पुढे कंपनीने ती पुन्हा नव्यासारखी करून आपल्या मुख्यालयात ठेवली. ठेवली हेच क्रियापद बरोबर. देशातल्या सर्वांत प्रसिद्ध मोटारींपैकी एक, आणि वयाच्या हिशेबाने दिल्लीच्या रस्त्यावर यायची तिला सोय नाही. पन्नाशी 2033 मध्ये.

कंपन्या विकत नव्हत्या ती हॉट हॅच दिल्लीकरांनी स्वतः तयार केली, आणि त्या कृतीत सर्वोच्च न्यायालयाचा नकळत हात आहे. 1993 मध्ये गुडगावच्या कारखान्यातून मारुतीची झेन आली: 993 सीसी, सुमारे 50 अश्वशक्ती, वजनाला हलकी, वळणावर घट्ट. पुढच्या वर्षी त्याच घराण्यातल्या 1298 सीसी इंजिनाची एस्टीम आली. दोन्ही इंजिनं एकाच कुळातली असल्यामुळे एस्टीमचं झेनमध्ये बसवायला फारसा कापाकापीचा खटाटोप लागत नाही. मग 29 एप्रिल 1999 रोजी, दिल्लीच्या हवेच्या जुन्या खटल्यात, न्यायालयाने राजधानी क्षेत्रात नोंदणीसाठी 1 जून 1999 पासून युरो-1 आणि 1 एप्रिल 2000 पासून युरो-2 मानकं बंधनकारक केली. कार्ब्युरेटरचे दिवस संपले, इंधन मोजून फवारणारी इंजिनं घाईघाईने बाजारात आली, आणि एस्टीमची ताकद 65 वरून 85 अश्वशक्तीवर गेली. चारपाच वर्षांत अपघातात सापडलेल्या एस्टीमची धडधाकट इंजिनं भंगारात येऊ लागली. हवा स्वच्छ करण्यासाठी दिलेल्या आदेशातून आलेलं इंजिन शेवटी कुणाच्या तरी झेनमध्ये बसून रात्री रिंग रोडवर गुरगुरू लागलं. कायद्याच्या इतिहासात असे वळसे नोंदले जात नाहीत.

भंगार म्हणजे मायापुरी. सुटे भाग म्हणजे काश्मिरी गेट, जिथला बाजार फाळणीनंतर आलेल्या पंजाबी व्यापाऱ्यांनी उभा केला. चाकं, दिवे, सीटची कव्हरं म्हणजे करोल बाग. आणि ज्याचा उगम विचारायचा नाही असा माल म्हणजे मेरठचं सोतीगंज, जे 2021 च्या डिसेंबरात पोलिसांनी बंद पाडलं. घरी गाडी बनवणाऱ्याला हे चारही पत्ते तोंडपाठ असत. मायापुरीचं नाव जगभर झालं ते मात्र वेगळ्या कारणाने. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या एका जुन्या यंत्रातलं कोबाल्ट-60 तिथे 2010 च्या एप्रिलमध्ये उघडं पडलं आणि किरणोत्साराने एक कामगार मेला. जुनं सामान हाताने फोडणाऱ्यांना ते काय फोडत आहेत हे कुणी सांगितलेलं नसतं. हौशी लोकांच्या गोष्टींमध्ये मायापुरी खजिन्यासारखी येते, तेव्हा मला हे आठवतं.

एस्टीमच्या इंजिनाची झेन हा कायद्याने गुन्हाच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी आणि उत्पादकाने ठरवलेल्या रचनेशी विसंगत असा बदल मालकाने करायचा नाही. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निकाल फिरवून हा अर्थ पक्का केला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. रंग बदलणं चालतं, नोंद केली की झालं. डिकीत सीएनजीची टाकी बसवण्याची मुभा कायदाच देतो. तीनशे सीसी वाढवण्याची देत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे: इंजिन वाढवलं आणि ब्रेक तेच ठेवले तर गाडी पळते, थांबत नाही. पण एक गोष्ट लक्षात येते. व्हिंटेजच्या नियमातही गाडीच्या सांगाड्यात, बॉडीत, इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशीच अट आहे. म्हणजे दिल्लीच्या गॅरेजांनी स्वतःच्या डोक्याने घडवलेली ही एकमेव गाडी पन्नाशीलाही वारसा ठरणार नाही. उद्याच्या संग्रहालयात कंपनीने केलेल्या गाड्या असतील, लोकांनी केलेल्या नसतील.

मूळ रूपात राखणं आणि बदलणं यांच्यासाठी इंग्रजीत 'रिस्टोअर' आणि 'मॉडिफाय' असे वेगळे शब्द आहेत. आपल्याकडे जीर्णोद्धार हा एकच मोठा शब्द, तोही देवळांसाठी राखलेला, आणि त्यात दोन्ही बसतात. जीर्णोद्धार झालेल्या देवळात पूर्वी नव्हता असा सभामंडप हमखास असतो. दिल्लीचा मिस्त्री तर 'गाड़ी बनाना' म्हणतो. मोडलेली दुरुस्त करणं, जुनी नवी करणं, साधी वेगवान करणं, सगळं बनाना. भाषांतर हा माझा धंदा असल्याने मला हे शब्द सोडवत नाहीत, पण कायद्याचं अडतं ते इथेच. त्याला दोन खाती हवीत आणि गॅरेजमध्ये एकच आहे.

आता मराठी वाचकाच्या घरची गोष्ट. कंपनीने स्वतः तयार करून विकलेल्या भारतातल्या हॉट हॅचची यादी केली, तर तिच्यातली वजनदार नावं महाराष्ट्राची आहेत. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना म्हणजे मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचं माहेर. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस तो फियाटकडे गेला आणि 2001 मध्ये तिथून पालिओ बाहेर पडली. जाहिरातीत सचिन तेंडुलकर. तिच्या 1.6 लिटरच्या, सोळा व्हॉल्व्हच्या जीटीएक्स आवृत्तीत 100 अश्वशक्ती होती. मारुती 800 ला सदतीस असतानाच्या काळात! पेट्रोल प्यायची बेसुमार, म्हणून खपली कमी, आणि ज्यांनी घेतली त्यांनी सोडली नाही. पुढे चाकणहून 2013 मध्ये पोलो जीटी टीएसआय आली, 2015 मध्ये रांजणगावहून अबार्थ पुंटो, 145 अश्वशक्तीची, बॉनेटवर विंचू. कार्लो अबार्थची रास वृश्चिक, त्यावरून ते चिन्ह. रांजणगावची पुंटो 2019 मध्ये थांबली, चाकणची पोलो 2022 मध्ये.

गाझियाबादला माझ्या शेजारच्या घरात अशी एक कुर्ल्याची पालिओ जीटीएक्स आहे, 2003 ची. शेजारी माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, पंजाबी, मला दीदी म्हणतो. गाडी त्याने दिल्लीतून घेतली तेव्हा तिची मुदत संपलेली होती आणि ती ओढून आणावी लागली. गाझियाबादही राजधानी क्षेत्रातच येतं, त्यामुळे इथे आणून कायद्याच्या दृष्टीने काहीच साधलं नाही. त्याच्याकडे छप्पर होतं आणि शनिवार-रविवार होते, एवढंच.

दिल्लीची जुनी गाडी उघडली की इथला सगळा हवामानाचा इतिहास दिसतो. समुद्र नसल्यामुळे गंज कमी. मुंबईची याच वयाची गाडी दारांच्या खालून कुरतडलेली असते. पण उन्हाने छपराचा रंग पांढुरका पडलेला, डॅशबोर्ड तडकलेला आणि रबराचं काही म्हणजे काही शिल्लक नाही. सस्पेन्शनचे बुश बोटांनी चुरले. पहिलं वर्ष वेग वाढवण्यात नाही, रबर गोळा करण्यातच गेलं. आता हे सामान दिल्लीत मिळत नाही. काश्मिरी गेटमध्ये पालिओ म्हटलं की दुकानदार हसतो. मिळतं ते पुण्याकडे, जिथे फियाटच्या गाड्या सांभाळणारी माणसं अजून आहेत आणि सिएना किंवा पेत्राचा कुठला भाग पालिओला चालतो हे त्यांना पाठ आहे. शेजाऱ्याला मराठी येत नाही, पुण्याचे मिस्त्री फोनवर हिंदीला कंटाळतात. मग मला बोलावणं येतं.

माझ्या आयुष्यातलं सर्वांत नेमकं भाषांतर मी त्या गॅरेजमध्ये केलं असेल. तिथे शब्द चुकला तर वस्तू चुकते. 'लांबी' म्हणजे पुट्टी, 'पाना' म्हणजे दिल्लीची 'चाबी', आणि चाबी म्हणजे आपली किल्ली नव्हे. पलीकडून पुण्याचा माणूस सांगतो, "ताई, त्यांना म्हणावं टायमिंग बेल्ट बदलल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. किती वर्षं उभी आहे ती?" मी सांगते, सहा. तो क्षणभर थांबतो. इतक्या जुन्या पट्ट्याचं रबर उभ्या गाडीतही मरतं. चालत्या इंजिनात तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि मग सगळं हेड उतरवावं लागतं. हे मी हिंदीत सांगते तेव्हा शेजारी हातातला पाना खाली ठेवतो.

2025 हे या गाड्यांसाठी विचित्र वर्ष होतं. 1 जुलैला दिल्लीच्या पंपांवर मुदत संपलेल्या गाड्यांना इंधन द्यायचं बंद झालं आणि लोकांच्या संतापामुळे ते दोनतीन दिवसांतच मागे पडलं. 12 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असं सांगितलं. त्या आठवड्यात शेजाऱ्याने पेढे वाटले. 17 डिसेंबरला न्यायालयाने ते संरक्षण भारत-4 आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. राजधानी क्षेत्रात भारत-4 आलं 2010 मध्ये. पालिओ 2003 ची. चाकणची पोलो आणि रांजणगावची अबार्थ वाचल्या, कुर्ल्याची राहिली. धुराच्या बाजूने पाहिलं तर यात अन्याय आहे असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबरात माझ्याही घरात हवा शुद्ध करण्याचं यंत्र चालू असतं. पण आठवड्याला दहा किलोमीटर चालणारी गाडी आणि रोज शंभर चालणारी गाडी नियमाला सारखीच दिसते, कारण वय कागदावर मोजता येतं आणि वापर येत नाही.

राहतो एक रस्ता, ना-हरकत प्रमाणपत्राचा. राजधानी क्षेत्राबाहेर पंधरा वर्षांनंतर तपासणी करून आणखी पाच वर्षांची नोंदणी मिळू शकते. 2022 पासून त्याचं शुल्क मोटारीला 5,000 रुपये झालं, आणि महाराष्ट्रात वर पर्यावरण कर. दिल्लीहून हजारो गाड्या या वाटेने इतर राज्यांत गेल्या आहेत. पण तिथे गाडी नावावर करायची तर तिथला पत्ता लागतो, आणि शेजाऱ्याचा पत्ता गाझियाबादचा आहे. गेल्या महिन्यात बोलता बोलता पुण्याचा मिस्त्री म्हणाला, "ताई, विचारा ना त्यांना, विकणार का? कागद करून द्या म्हणावं, मी घेतो. चांगली ठेवीन."

मी ते जसंच्या तसं हिंदीत सांगितलं. त्याने विचार करून सांगतो म्हटलं आणि पुढचा प्रश्न विचारला, तो मागच्या ब्रेकच्या पाइपबद्दल होता. उत्तर अजून दिलेलं नाही. परवा त्याने पेट्रोलची टाकी धुऊन परत बसवली.