गार्दा सरोवराची प्रदक्षिणा

उत्तर इटलीतील गार्दा सरोवराला आज मोटारीने प्रदक्षिणा घालता येते, याचे कोणाला नवल वाटत नाही. पूर्व आणि पश्चिम 'गार्देसाना' हे दोन रस्ते मिळून सुमारे ३७० चौरस किलोमीटरच्या या जलाशयाला वेढतात. परंतु हे वर्तुळ पुरे व्हायला विसावे शतक उजाडावे लागले, आणि त्याला केवळ उभे कडे कारणीभूत नव्हते.

या पाण्यावर सीमा होती. १७८६ मध्ये जर्मन कवी गटे तोर्बोलेहून नावेने निघाला; उलट्या वाऱ्यामुळे त्याला माल्चेसिनेला उतरावे लागले. तेथील पडक्या किल्ल्याचे चित्र काढताना व्हेनिसच्या प्रजाजनांनी त्याला ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा हेर ठरवले. उत्तर टोकाचे रीवा पहिल्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत ऑस्ट्रियाकडेच होते. ते इटलीकडे आल्यावरच दोन्ही काठ जोडण्याला राजकीय अर्थ आला.

गार्न्यानो ते रीवा हा पश्चिमेचा बिकट टप्पा अभियंता रिकार्दो कोत्साल्यो यांच्या आराखड्यानुसार १९२९ ते १९३१ या काळात कड्यातून कोरला गेला. सत्तराहून अधिक बोगद्यांचे हे काम मुसोलिनीच्या राजवटीला मिरवण्याजोगे वाटले, यात आश्चर्य नाही. लिमोनेसारख्या गावाला तोवर नाव किंवा डोंगरवाट एवढाच आधार होता. मात्र रस्ता आला तेव्हा गावाचे वैभव ओसरले होते. दगडी खांबांच्या, हिवाळ्यात फळ्या व काचांनी झाकल्या जाणाऱ्या तेथील लिंबांच्या बागा झाडांवरील रोगाने आणि दक्षिणेतून येणाऱ्या स्वस्त लिंबांनी आधीच मोडीत काढल्या होत्या. रस्त्याने लिंबे बाहेर नेली नाहीत. प्रवासी आत आणले.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकेची दहावी पर्वतीय डिव्हिजन पूर्व काठाने उत्तरेकडे सरकू लागली, तेव्हा माघार घेणाऱ्या जर्मनांनी बोगदे सुरुंगाने उडवले. सैनिकांना जलस्थलचर वाहनांतून पुन्हा पाण्याचीच वाट धरावी लागली. ३० एप्रिलला तोर्बोलेजवळ असे एक वाहन बुडाले आणि त्यातील एक सैनिक वगळता सारे गेले. इटलीतील युद्ध दोनच दिवसांत संपले.

रस्ता माणसांना जोडतो, असे आपण सहज म्हणून जातो. गार्दाचा इतिहास एवढेच सुचवतो, की आधी सत्ता काठ जोडते, मग रस्ता. आणि सत्ता कोसळू लागली की पहिला घाव रस्त्यावरच पडतो.